आधी ‘नको’ म्हणायला शिकवा

वर्गात कुणी चावलं की त्याला बाहेर बसवायचं, हा आमच्या बालवाडीतला जुना नियम. बाहेर म्हणजे ओट्यावर, चपलांच्या रॅकशेजारी एक लाकडी बाक आहे तिथे. साडेतीन-चार वर्षांची पोरं ती. दहा मिनिटं एकटं बसवलं की रडून लाल होतात आणि सहसा पुन्हा तसं करत नाहीत. एक मुलगा मात्र रोज चावायचा आणि रोज बाहेर बसायचा. रडणं नाही की काही नाही. पाय हलवत बसायचा, नाहीतर खाली उतरून सगळ्यांच्या चपला जोडीने सरळ लावायचा.

आमच्या मावशींच्या ते आधी लक्षात आलं. “बाई, त्याला तिथंच बरं वाटतंय. शिक्षा कसली ही?”

मग मी एका वहीत वेळ लिहायला सुरुवात केली. कधी चावला, त्याच्या आधी काय चाललं होतं, नंतर काय झालं, एवढंच. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. चावा यायचा तो अकराच्या सुमाराला, गाण्यांच्या तासाला, आणि बहुतेक वेळा दुसरं गाणं चालू असताना. आमच्या खोलीला पत्र्याचं छप्पर आहे. अठ्ठावीस मुलं एकदम टाळ्या वाजवायला लागली की प्रत्येक टाळी वरून परत येते. शेजारी कोण बसलंय याचा चावण्याशी काही संबंध नव्हता. जो हाताशी सापडेल तो. त्याला कुणाला दुखवायचं नव्हतंच. त्याला तिथून उठायचं होतं, आणि उठण्याची एकच वाट त्याला सापडली होती. ती वाट आम्हीच करून दिली होती. चावलं की बाई हाताला धरून शांत जागी नेऊन बसवतात, हे तो शिकला होता. आमची शिक्षा त्याचं बक्षीस होतं.

त्याला ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात तो, आहे हे घरच्यांना ठाऊक होतं, त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. “सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं,” असं त्याची आई नंतर म्हणाली. ती चुकीचं बोलत नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी अशाच एका मुलीला आम्ही ‘थोडी मोठी झाली की बघू’ म्हणून घरी पाठवलं होतं.

माझं म्हणणं साधं आहे, आणि ते पालकांना, थेरपिस्टना आणि माझ्या बरोबरीच्या शिक्षिकांना फारसं आवडत नाही. ज्या लहान मुलाला बोलता येत नाही आणि जे चावतं, ओरबाडतं, डोकं आपटतं, त्याला सगळ्यात आधी ‘नको’ म्हणायला शिकवलं पाहिजे. ‘गुड मॉर्निंग’ नाही, ‘सॉरी’ नाही, हात जोडून प्रार्थना नाही, रंगांची नावं तर नाहीच नाही. आधी ‘नको’. आणि ते म्हटल्यावर मोठ्यांनी ते ऐकलं पाहिजे.

मराठीत ही सोय फार छान आहे. ‘नाही’ वेगळं आणि ‘नको’ वेगळं. ‘नाही’ हे वस्तुस्थितीबद्दल असतं, ‘नको’ माझ्याबद्दल असतं. दोनच अक्षरं, आणि त्यात मी कोण, मला काय चालतं, हे सगळं येतं. साधारण वाढीचं मूल दीड-दोन वर्षांचं झालं की दिवसभर नकोचा धोशा लावतं. आंघोळ नको, भात नको, आजी नको. आपण वैतागतो, पण ऐकूनही घेतो. ज्या मुलाच्या तोंडून तो शब्द निघत नाही त्याची नापसंती कुठे जाते? दातात जाते, नखांत जाते, भिंतीवर आपटणाऱ्या कपाळात जाते.

याला शास्त्राचा आधार जुना आहे. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चार मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही मुलं शिकवताना आरडाओरडा करायची, मारायची. दोघांनी आधी शोधलं की कुठलं मूल कशासाठी असं करतंय. काहींना काम अवघड जात होतं, काहींना मोठ्यांचं लक्ष हवं होतं. मग एकेक वाक्य शिकवलं: काम अवघड जाणाऱ्याला ‘मला समजलं नाही’, लक्ष हवं असणाऱ्याला ‘माझं काम चांगलं चाललंय ना?’ गरजेला जुळणारं वाक्य मिळालं तेव्हा त्रासदायक वागणं झपाट्याने उतरलं. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. वाक्य जुळणारं नसेल तर उपयोग झाला नाही. म्हणजे मूल ‘बोलायला’ लागणं पुरेसं नाही, त्याला जे म्हणायचंय तेच म्हणता आलं पाहिजे. गाण्याच्या गोंगाटातून सुटू पाहणाऱ्या मुलाला आपण ‘पाणी’ आणि ‘खाऊ’ शिकवत बसलो तर त्याचं चावणं थांबणार नाही.

आपल्याकडे शिकवण्याचा क्रम नेमका उलटा आहे. थेरपी सुरू झाली की पहिले कित्येक महिने ‘सिटिंग’ वाढवण्यात जातात. पालक एकमेकांना तेच विचारतात: “तुमच्याचं सिटिंग किती झालं? आमचा पाच मिनिटं बसतो आता.” त्यानंतर डोळ्यात बघ. मग सांगितलेलं कर: नाक दाखव, टाळी वाजव, दे, घे. हे सगळे आपल्या सोयीचे शब्द आहेत. त्यातला एकही शब्द मुलाच्या बाजूने निघत नाही. आज्ञाधारकपणा आणि संवाद यात आपण गल्लत करतो, आणि मग मूल खुर्चीवर बसून शेजारणीला चावलं की म्हणतो, ‘एवढी थेरपी करूनही बिहेविअर इश्यू आहेतच.’

मुळात ‘स्वमग्न’ या शब्दाशीच माझं भांडण आहे. कुणीतरी आपल्याच नादात रमलंय, त्याला बाहेरच्याची गरज नाही, असं काहीसं त्यातून ध्वनित होतं. आमचा मुलगा कशात मग्न नव्हता. तो सतत सांगत होता. तहान लागली की मावशींचं मनगट धरून त्यांना माठाकडे ओढत न्यायचा आणि त्यांचा हात झाकणावर ठेवायचा. वर्षाच्या आसपासचं मूल कावळा दिसला की बोट दाखवतं आणि आईकडे वळून बघतं, ‘पाहिलास ना?’ म्हणून. काऊ-चिऊचे घास भरवणाऱ्या प्रत्येक आईला ते बोट ओळखीचं असतं. ऑटिझम असलेल्या मुलांत ते बोट बरेचदा उशिरा येतं किंवा येत नाही, आणि एवढ्यावरून आपण ठरवतो की याला संवादच नको आहे. पण मनगट धरून ओढणं हाही संवादच आहे. आपण तो मोजत नाही, एवढंच.

काही मुलं तर बोलतात, आणि तरी आपल्याला कळत नाही. आमच्याकडची एक मुलगी तहान लागली की म्हणायची, “पाणी हवंय का?” आम्ही आपले, “नको गं, मला नको.” ती पुन्हा, जास्त मोठ्याने, “पाणी हवंय का?” तिसऱ्यांदा बाटली फेकायची. घरी आई पाणी देताना हा प्रश्न विचारायची, म्हणून तिच्या लेखी त्या प्रश्नाचं नाव पाणी होतं. हा पोपटपंचीचा प्रकार निरर्थक नसतो, त्यामागे हेतू असतात, हे बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डूकन यांनी १९८१ सालीच दाखवून दिलं आहे. बाटली फेकल्याची नोंद मात्र आम्ही ‘अ‍ॅग्रेशन’ अशी केली होती.

आता एक सावधगिरी. ‘प्रत्येक वागणं म्हणजे संवाद’ हे वाक्य हल्ली कार्यशाळांमधून फार ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. डोकं आपटणाऱ्या मुलाचा कान दुखत असू शकतो, दाढ किडलेली असू शकते, चार दिवस पोट साफ झालेलं नसू शकतं. तिथे ‘नको’ शिकवत बसू नका, डॉक्टरकडे जा. वागणं एकाएकी बदललं असेल तर आधी शरीर तपासायचं, मग अर्थ शोधायचा. आणि मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, हा निरोप नसतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा अंगावर आल्यावर रस्त्यात लोळणारं मूल कुणाकडे काही मागत नसतं, त्याचं भरून वाहतं. हट्ट करणारं मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, आई बघतेय ना. मेल्टडाऊनमधलं मूल सहसा बघत नाही. त्याला त्या क्षणी काही शिकवता येत नाही. आवाजापासून लांब न्यायचं, गर्दी हटवायची, आपण गप्प राहायचं, बस. ‘नको’ शिकवायचं ते याच्या आधी, शांत वेळी. तो शब्द हाताशी असेल तर मिरवणूक कोपऱ्यावर असतानाच मूल सांगू शकेल.

आमच्या मुलासाठी आम्ही काय केलं ते सांगते, कारण त्यात खर्च जवळजवळ काहीच नव्हता. त्याच बाकाचा फोटो काढला, प्रिंट मारून पुठ्ठ्यावर चिकटवला, वरून पारदर्शक सेलोटेप, मागे वेल्क्रो. खाली मोठ्या अक्षरांत ‘नको, बाहेर’. पहिलं गाणं संपतासंपता मावशी त्याच्या मागे बसायच्या, त्याचा हात धरून ते कार्ड माझ्या हातात द्यायला लावायच्या. मी कार्ड घेऊन मोठ्याने म्हणायचे, “नको? बरं, बाहेर,” आणि लगेच त्याला ओट्यावर नेऊन बसवायचे. चावायच्या आत. तिसऱ्या दिवशी त्याने कार्ड आपलं आपण दिलं. चौथ्या दिवशी सकाळी अकरा वेळा दिलं. प्रार्थनेला, हजेरीला, चित्रकलेला, डब्यालासुद्धा. मी मोजत होते आणि मनात म्हणत होते, हे काय करून बसलो आपण.

इथेच बहुतेक जण सोडून देतात. “नको म्हटलं की सोडायचं, मग हा शिकणार कधी?” हा प्रश्न मला मुख्याध्यापिकांनी विचारला, त्याच्या वडिलांनी विचारला, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला. उत्तर असं आहे की सुरुवातीला प्रत्येक वेळी ऐकावंच लागतं. कार्ड दहातल्या सहा वेळा चालतं आणि दात दहाच्या दहा वेळा चालतात, असं झालं तर कुठलंही शहाणं मूल दातच वापरेल. शब्द दातापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा ठरला पाहिजे. तो एकदा रुजला की मग लांबवता येतं: “बाहेर? हो. ही ओळ संपू दे.” मग एक कडवं, मग एक गाणं. आम्हाला त्याला दोन महिने लागले. काही गोष्टींना नको चालतच नाही. रस्ता ओलांडताना हात धरणं, इंजेक्शन, आगीजवळ जाणं. तिथे आधी सांगायचं, दाखवायचं, किती वेळ लागेल ते बोटांवर मोजायचं. पण अशा गोष्टी आपल्याला वाटतात त्यापेक्षा फार कमी असतात. गाण्याच्या तासाला टाळ्या वाजवणं त्यांत नक्की येत नाही.

ज्या मुलांना तो चावला त्यांचे पालक चिडले होते, आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. दंडावर दातांचे वण घेऊन आलेलं मूल बघून कुठल्याही आईचा जीव कासावीस होईल. मी त्यांना ‘समजून घ्या’ म्हटलं नाही. त्या दोन महिन्यांत गाण्याच्या वेळी मावशी पूर्ण वेळ त्याच्याजवळ बसल्या, हे सांगितलं. समावेशाच्या गप्पा मारणाऱ्यांनी दुसऱ्या मुलाचा दंड विसरू नये. तो विसरला की गेटवर सह्यांची मोहीम सुरू होते आणि मूल घरी जातं.

‘कार्डाची सवय लागली तर तो बोलणारच नाही,’ ही आजीची भीती. आजी वेखंड उगाळून चाटवत होती, देवाला नवस बोलून झाला होता, आणि ‘त्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’ हेही होतंच. कार्डाबद्दलची भीती मात्र सुशिक्षित घरांतही तितकीच आढळते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, चित्रं, खुणा किंवा यंत्रांचा आधार दिलेल्या, विकासात अडथळे असलेल्या २७ जणांच्या नोंदी तपासल्या होत्या. एकाचंही बोलणं कमी झालं नाही, ८९ टक्क्यांचं वाढलं. कुबडी दिली म्हणून पाय विसरत नाहीत. आता मोबाईलवरही साधनं आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीत बोलतं. पण अ‍ॅप घ्या नाहीतर पुठ्ठा, समोरचा माणूस ऐकणारा नसेल तर दोन्ही सारखेच.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर तोही बोलून टाकते. ऑटिझमचं निदान झालं की कितीतरी घरांना सल्ला मिळतो, ‘एकच भाषा ठेवा, शाळेची.’ शाळेची म्हणजे इंग्रजी. आणि मग ज्या आजीला इंग्रजीचं एक वाक्य येत नाही ती नातवाशी ‘कम’, ‘सिट’, ‘नो’ असं तुटक बोलायला लागते. दोन भाषांमुळे अशा मुलांचं नुकसान होतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. नुकसान होतं ते घरातलं बोलणं आटल्यामुळे. आजीचं ‘नगं’ असेल तर कार्डावर ‘नगं’ लिहा.

आता सरकारकडे वळू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत, त्यात ऑटिझम आहे. त्याच कायद्यात शेजारच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण सहा ते अठरा वर्षं वयासाठी. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे, पण तीही शाळेत. तीन ते सहा वर्षांचं मूल मात्र या दोन्ही दारांच्या बाहेर, ओट्यावर बसलेलं. गल्लोगल्लीच्या नर्सरीने ‘याला घेऊन जा’ म्हटलं की पालक घेऊन जातात. कुणाकडे अर्ज करायचा? आणि मेंदू संवादाच्या सवयी लावून घेतो ती वर्षं हीच.

अगदीच काही झालं नाही असं नाही. शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही पालघरमधून. त्यातून जिल्हा पातळीवर लवकर निदान आणि उपचाराची केंद्रं आली. २०२३ च्या नोव्हेंबरात अंगणवाड्यांसाठी दिव्यांग मुलांबद्दलची स्वतंत्र कार्यपद्धती आली. कागद बरा आहे. पण निदान झाल्यावर मूल आठवड्यातून दोनदा पन्नास किलोमीटरवर नेणार कोण? रोजगार बुडवून? आणि त्या अर्ध्या तासात थेरपिस्टने शिकवलेलं नको घरी आणि वर्गात कुणी ऐकलंच नाही तर?

याचं उत्तर आपल्या शेजारीच तपासून झालं आहे, म्हणून मला जास्त राग येतो. गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांबरोबर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधली पद्धत इथल्या घरांसाठी बेतून घेतली होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांबरोबर सहा महिन्यांत बारा सत्रं घेतली. पद्धत अशी: पालक आणि मूल खेळत असताना व्हिडिओ काढायचा, मग पालकाबरोबर बसून तो बघायचा. इथे मुलाने सुरुवात केली होती, तुम्ही थांबलात का? इथे तो तुमच्याकडे वळला, तुम्ही त्याच वेळी दुसरं खेळणं पुढे केलंत, पाहिलंत? पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करायला लागली. चाचणी छोटी होती, चावणं-मारणं हा तिचा विषय नव्हता, आणि पालक-मुलाचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ उलट कमीच झाला. तरी दिशा कळायला एवढं पुरे. शिकवायचं मुलाइतकंच मोठ्यांना आहे, आणि ते काम प्रशिक्षित अंगणवाडी सेविकेच्या, आशाताईच्या आवाक्यातलं आहे.

आणि ही मूठभर मुलांची गोष्ट नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दोन ते नऊ वर्षांच्या जवळपास दर आठ मुलांमागे एकाला चेतासंस्थेच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण आढळली. ऐकण्याची, बोलण्याची, शिकण्याची, फिट्सची; ऑटिझम त्यातला एक. आमच्या अठ्ठावीसच्या वर्गाला हा हिशेब लावा. ‘नको’चं कार्ड एकट्यासाठी केलं होतं, पण दिवाळीनंतर ते इतरही तिघं वापरत होती. त्यातल्या दोघांना कसलंही निदान नव्हतं, एवढ्या टाळ्या त्यांनाही नको होत्या.

म्हणून मागणी अशी: बालवाडी, नर्सरी, अंगणवाडी चालवणाऱ्या प्रत्येकीला वागणुकीची नोंद ठेवायला आणि मुलाला नकार द्यायला शिकवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं करा. मूल काढून टाकण्याआधी अशी नोंद दाखवणं बंधनकारक करा. आणि खासगी नर्सऱ्यांना कुठल्यातरी कायद्याच्या छपराखाली आणा, पत्र्याचं असलं तरी चालेल.

मोठ्यांनी नको ऐकायचं म्हणजे काय, हे मला त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात कळलं. त्याला सशाच्या नाचात घेतलं होतं. आईने पांढरे कान स्वतः शिवले होते, गावाहून आजी-आजोबा आले होते, व्हिडिओवाला स्टेजसमोर तयार होता. पडदा उघडायच्या आधी त्याने माझ्या हातात कार्ड दिलं. नाच पाठ असलेल्या चार मुलांच्या मधोमध उभा राहून, नीट, न ओरडता. त्याचे वडील विंगेतून म्हणाले, “बाई, दोनच मिनिटांचा तर नाच आहे.” मी त्याच्या आईकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. तिने पुढे येऊन त्याच्या डोक्यावरचे कान काढले, घडी करून पर्समध्ये ठेवले आणि त्याला घेऊन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. आम्ही पडदा वर केला आणि चारच ससे नाचवले.